पॅरिशचे वर्ष : इंग्लंडच्या खेड्यातील कारभार आणि दानधर्म

दर वर्षी साधारणपणे जानेवारी संपण्याच्या आत इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतील पॅरिश कौन्सिलांना एक आकडा ठरवून वरच्या कौन्सिलकडे पाठवावा लागतो. येत्या एप्रिलपासून गावासाठी किती पैसे लागतील, एवढाच त्या पत्राचा मजकूर. या रकमेला 'प्रिसेप्ट' असे नाव आहे. वरची कौन्सिल ही रक्कम गावातील घरांवर वाटते, आपल्याकडील घरपट्टीसारख्या असलेल्या 'कौन्सिल टॅक्स'च्या बिलात ती मिळवते आणि वसूल करून पॅरिशच्या हवाली करते. 2024-25 या वर्षी मध्यम दर्जाच्या एका घरामागे ही रक्कम सरासरी 85 पौंडांच्या आसपास होती. त्याच घराचे कौन्सिल टॅक्सचे एकूण बिल दोन हजार पौंडांच्या वर जात होते. म्हणजे ब्रिटिश करदात्याच्या खिशातून जाणाऱ्या पैशातला अगदी किरकोळ हिस्सा त्याच्या स्वतःच्या गावाला मिळतो. केंद्र सरकारकडून पॅरिशला नियमित अनुदान मिळत नाही. वित्त आयोगाच्या निधीकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या ग्रामपंचायतींच्या तुलनेत हा फरक ठळक आहे.

या तुटपुंज्या रकमेवर आणि गावातील काही जणांच्या बिनपगारी तासांवर इंग्लंडमधील खेड्याचे सार्वजनिक जीवन चालते. अलीकडच्या काळात त्याच खांद्यांवर आणखी ओझे येऊ लागले आहे. ते समजून घ्यायचे तर पॅरिशचे वर्ष कसे जाते, हे पाहावे लागेल.

'पॅरिश' हा शब्द मुळात चर्चचा. वसईच्या ख्रिस्ती समाजात त्याला 'धर्मग्राम' असा सुरेख मराठी शब्द रूढ आहे. एका चर्चच्या आणि एका धर्मगुरूच्या कक्षेत येणारा टापू म्हणजे पॅरिश. इंग्लंडमध्ये या धार्मिक हद्दीलाच कालांतराने कारभाराची हद्द मानण्यात आले. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत, 1601 मध्ये झालेल्या कायद्याने गावातील गोरगरिबांना पोसण्याची जबाबदारी पॅरिशवर टाकली. त्यासाठी जमीन व घरे बाळगणाऱ्यांकडून कर गोळा करण्याचा अधिकारही दिला. धर्मादाय देणग्यांच्या गैरवापराची चौकशी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. म्हणजे गावाचा कारभार आणि गावाचा दानधर्म ही जुळी भावंडे आहेत, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

पुढे 1834 मध्ये गरिबांची जबाबदारी अनेक पॅरिशांच्या मोठ्या संघांकडे गेली आणि तिच्याबरोबर वर्कहाउसची दहशतही आली. अखेर उदारमतवादी सरकारच्या काळात, 1894 च्या कायद्याने गावाचा कारभार चर्चच्या बैठकीतून बाहेर काढून निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिलकडे सोपवला. पार्लमेंटसाठी स्त्रियांना मत देता येण्यापूर्वी तब्बल चोवीस वर्षे आधी, पात्र स्त्रियांना, त्यात विवाहितांनाही, या कौन्सिलांसाठी मत देण्याचा व उभे राहण्याचा हक्क मिळाला. आज इंग्लंडमध्ये अशा सुमारे 10 हजार पॅरिश व टाउन कौन्सिल आहेत. गंमत म्हणजे राजधानी लंडनमध्ये मात्र 1960 च्या दशकात त्या नाहीशा झाल्या. तेथे नव्याने पहिली निवडणूक झाली ती 2014 मध्ये, क्वीन्स पार्क भागात.

कौन्सिलमध्ये किमान पाच सदस्य असावे लागतात. त्यांना पगार नसतो. पगार मिळतो तो 'क्लार्क'ला, आणि लहान गावात तोही आठवड्याच्या काही तासांपुरता. हा क्लार्क म्हणजे केवळ लिपिक नव्हे. आपल्याकडील ग्रामसेवकाप्रमाणे सभेची सूचना काढणे, इतिवृत्त लिहिणे, हिशेब ठेवणे आणि कायद्यात काय बसते व काय बसत नाही हे सदस्यांना सांगणे, ही सर्व कामे त्याची, बहुतेक ठिकाणी तिची. अगदी चिमुकल्या वस्तीत तर कौन्सिलही नसते, तेथे सर्व मतदारांची सभा हीच कारभारी.

पॅरिशचे औपचारिक वर्ष मे महिन्यात सुरू होते. वार्षिक बैठकीत सर्वांत आधी अध्यक्षाची निवड झाली पाहिजे, त्याआधी दुसरा कोणताही विषय घेता येत नाही, असा कायद्याचा दंडक आहे. याच सुमारास, 1 मार्च ते 1 जून या दरम्यान, दुसरी एक सभा होते आणि तिची गल्लत कौन्सिलच्या बैठकीशी गावकरीही नेहमी करतात. ही 'वार्षिक पॅरिश सभा' मतदारांची असते, कौन्सिलची नव्हे. ती संध्याकाळी सहाच्या आधी सुरू करता येत नाही. दिवसभर शेतावर राबणाऱ्या मजुरालाही येता यावे, हा त्यामागचा एकोणिसाव्या शतकातील उद्देश. आपल्या ग्रामसभेच्या अगदी जवळचा असा हा प्रकार आहे. आणि ग्रामसभेप्रमाणेच तेथेही गावात वाद पेटलेला असेल तर खुर्च्या कमी पडतात, एरवी मोजकीच डोकी दिसतात.

कौन्सिलच्या बैठकांना सामान्य नागरिकांना व पत्रकारांना हजर राहता येते. हा हक्क देणारा 1960 चा कायदा एका नवख्या खासदार बाईंनी खासगी विधेयक म्हणून मांडला होता आणि ते मांडतानाच त्यांनी पार्लमेंटमधील आपले पहिले भाषण केले. त्यांचे नाव मार्गारेट थॅचर. या बैठका किती तापू शकतात हे जगाने पाहिले ते कोरोनाच्या काळात. चेशायर परगण्यातील हँडफोर्थ पॅरिशची डिसेंबर 2020 मधील ऑनलाइन बैठक, तीत सदस्यांनी एकमेकांवर केलेला आरडाओरडा आणि बैठक चालवणाऱ्या जॅकी वीव्हर यांनी काही सदस्यांना थेट बैठकीबाहेर काढणे, याची चित्रफीत फेब्रुवारी 2021 मध्ये लाखो लोकांनी पाहिली. बहुतांश बैठका मात्र इतक्या रंगतदार नसतात. पदपथावर वाढलेली झुडपे, बसथांब्याचे गळके छप्पर, कुत्र्यांची घाण, भरधाव मोटारी आणि दफनभूमीचे कुंपण हेच त्यांचे नित्याचे विषय.

जून महिना हिशेबांचा. वर्षाचा जमाखर्च व कारभाराचे विवरण 30 जूनपर्यंत मंजूर करावे लागते. त्यानंतर तीस कामकाजी दिवस हिशेबाची वही कोणत्याही मतदाराला पाहण्यासाठी खुली ठेवावी लागते आणि त्यात जुलैचे पहिले दहा कामकाजी दिवस आलेच पाहिजेत. एखाद्या पावतीबद्दल शंका असेल तर मतदार बाहेरील लेखापरीक्षकाकडे हरकत घेऊ शकतो. ऑगस्टमध्ये बहुतेक कौन्सिलांना सुट्टी असते. गवत मात्र सुट्टी घेत नाही, त्यामुळे ते कापणाऱ्या ठेकेदाराचे बिल हा कित्येक पॅरिशांच्या खर्चातील ठळक आकडा असतो.

वर्षभर अखंड चालणारे काम म्हणजे बांधकाम परवानग्यांवर मत देणे. परवानगी देणारी संस्था वरची कौन्सिल, पण पॅरिशला कळवणे तिला भाग असते. पॅरिशचे मत बंधनकारक नाही आणि गावकऱ्यांच्या वैतागाचे हे एक मोठे कारण आहे. 2011 च्या कायद्याने गावाला स्वतःचा विकास आराखडा करून त्यावर सार्वमत घेण्याची मुभा दिली. असे पहिले सार्वमत मार्च 2013 मध्ये कंब्रियातील अप्पर ईडन खोऱ्यात झाले. आराखडा मंजूर असलेल्या गावाला नव्या बांधकामांवरील पायाभूत सुविधा शुल्कातून 25 टक्के वाटा मिळतो, नसलेल्या गावाला 15 टक्के. हे शुल्क मात्र सर्वच भागांत आकारले जात नाही.

नोव्हेंबरमध्ये युद्धस्मारकापाशी गाव जमते. पहिल्या महायुद्धानंतर जवळपास प्रत्येक खेड्यात उभे राहिलेले हे दगडी स्तंभ सांभाळण्याचा अधिकार पॅरिशला 1923 च्या कायद्याने मिळाला. गावाचे सभागृह, अर्थात 'व्हिलेज हॉल', हेही अनेक ठिकाणी त्याच युद्धातील मृतांच्या स्मरणार्थ बांधलेले. मात्र ते सहसा कौन्सिलच्या थेट मालकीचे नसते, धर्मादाय न्यास म्हणून त्याची वेगळी समिती असते. अनेकदा कौन्सिलमध्ये बसणारीच चार माणसे त्या समितीतही बसतात. त्यांच्याकडे दोन टोप्या असतात आणि कोणत्या वेळी कोणती घालायची याचे भान त्यांना ठेवावे लागते.

या दोन टोप्यांमागे कायद्याचे एक साधे तत्त्व आहे. पॅरिश कौन्सिल करदात्यांचा पैसा खर्च करते, तेव्हा तो कायद्याने सांगितलेल्या कामावरच खर्च व्हावा लागतो. दिवे, बाके, मैदान, दफनभूमी, भाजीपाल्यासाठी भाड्याने द्यायचे जमिनीचे तुकडे अशी ती यादी आहे. यादीबाहेरच्या कामासाठी, त्यात संस्थांना द्यायच्या देणग्याही आल्या, मतदारामागे ठरावीक रकमेची मर्यादा सरकार दर वर्षी जाहीर करते. 2024-25 मध्ये ती 10 पौंड 81 पेन्स होती. म्हणजे 500 मतदारांच्या गावात वर्षाकाठी 5,405 पौंड. ज्या कौन्सिलांनी निवडून आलेले पुरेसे सदस्य आणि प्रशिक्षित क्लार्क या अटी पूर्ण केल्या आहेत, त्यांना या मर्यादेतून सूट असते. पण हा पैसा गावाच्या किंवा गावकऱ्यांच्या हिताचा असावा लागतो, एखाद्या विधवेच्या घरातील बंद पडलेला बॉयलर दुरुस्त करण्यासाठी तो तिच्या हातात ठेवता येत नाही. तेथे धर्मादाय निधी उपयोगी पडतो.

इंग्लंडमधील जुन्या चर्चमध्ये शिरल्यास भिंतीवर काळ्या पाटीवर सोनेरी अक्षरांत लिहिलेली देणगीदारांची यादी अनेकदा दिसते. कोणी शेताचे भाडे गरिबांच्या पावासाठी ठेवले, कोणी म्हाताऱ्या विधवांसाठी कापडाचे पैसे, कोणी मुलांना कारागिराकडे शिकाऊ ठेवण्यासाठी. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत सामाईक गायराने कुंपणबंद झाली, तेव्हा गरिबांचा तेथून सरपण आणण्याचा हक्क गेला. त्याच्या बदल्यात काही एकर जमीन गावाकडे ठेवून तिच्या भाड्यातून त्यांना कोळसा देण्याची सोय अनेक ठिकाणी करण्यात आली. कोळसा देणारे हे निधी अजूनही आहेत, मात्र आता ते तेल, वीज किंवा थेट रकमेच्या रूपाने मदत करतात. गॅसची वाहिनी न पोहोचलेल्या खेड्यांत घर तापवण्यासाठी तेलाची टाकी भरावी लागते आणि ते तेल थोडेथोडके मिळत नाही, एकदम शेकडो लिटर घ्यावे लागते. हातावर पोट असलेल्या कुटुंबाला ती रक्कम एका वेळी काढणे जड जाते. अशा गावांत शेजाऱ्यांनी मिळून तेल मागवण्याचे गटही असतात.

हे वाटप करण्याचा परंपरागत दिवस म्हणजे 21 डिसेंबर, संत थॉमसचा सण. वर्षातला सर्वांत लहान दिवस. गरीब बायका त्या दिवशी घरोघर जाऊन नाताळसाठी पीठ-पैसे मागत. आज मागायला कोणी दारात येत नाही आणि विश्वस्तांपुढील खरी अडचण तीच आहे. छोट्या गावात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. ज्याच्याकडे अर्ज करायचा तोच उद्या दुकानात रांगेत पुढे उभा असणार. त्यामुळे गरज असूनही लोक अर्ज करत नाहीत आणि निधी बँकेत पडून राहतो, असे चित्र अनेक ठिकाणी दिसते. मदत घेणाऱ्यांची नावे गुप्त ठेवणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. दुसरीकडे, अशा बिगर-धार्मिक गावनिधीचा वार्षिक हिशेब पॅरिश कौन्सिलकडे देणे आणि तो पॅरिश सभेत मांडला जाणे कायद्याने आवश्यक आहे. अनेक निधींच्या विश्वस्तांपैकी काहींची नेमणूकही कौन्सिलच करते. ही तरतूद 1894 पासूनची. पैसा कोठून आला व किती वाटला हे गावाला कळावे, कोणाला दिला हे कळू नये, असा हा तोल आहे.

हॅम्पशायर परगण्यातील टिचबोर्न येथे मात्र आजही दान उघड्यावर, समारंभपूर्वक दिले जाते. दर वर्षी 25 मार्चला तेथील जहागीरदारांच्या वाड्यासमोर पिठाला आशीर्वाद दिला जातो आणि पॅरिशमधील प्रत्येक मोठ्या माणसाला एक गॅलन, मुलाला अर्धा गॅलन असे पीठ मोजून मिळते. आख्यायिका अशी : मध्ययुगात मरणपंथाला लागलेल्या लेडी मॅबेला यांनी गरिबांसाठी काही द्यावे अशी नवऱ्याकडे विनंती केली. त्याने जळते लाकूड पुढे केले आणि ते विझेपर्यंत जेवढ्या जमिनीला वळसा घालशील तेवढीचे उत्पन्न गरिबांचे, असे सांगितले. ती गुडघ्यांवर रांगत 23 एकरांभोवती फिरली. ते शेत अजूनही 'क्रॉल्स', म्हणजे 'रांगणे', या नावानेच ओळखले जाते. 1796 मध्ये भटक्यांची गर्दी होते म्हणून वाटप बंद पडले, मग मॅबेलाच्या शापाच्या भीतीने पुन्हा सुरू झाले. शापाची गोष्ट खरी-खोटी कशीही असो, दान बंद करणे हे देणाऱ्यांनाही किती अवघड असते याची ती साक्ष आहे.

इंग्लंडमधील खेड्यांच्या या दानपरंपरेत एक नोंद भारताचीही आहे. ऑक्सफर्डशायरच्या चिल्टर्न टेकड्यांवर स्टोक रो नावाचे लहान गाव आहे. खडूच्या खडकामुळे तेथे पाणी टिकत नसे आणि उन्हाळ्यात डबक्यांवर भागवावे लागे. त्याच भागातील एडवर्ड रीड हे अधिकारी उत्तर भारतात नोकरीला होते. आपल्या गावाकडे घरातले शेवटचे पाणी प्यायल्याबद्दल एका पोराला मार बसला होता, ही हकिकत त्यांनी काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना सांगितली होती. महाराजांनी ती लक्षात ठेवली आणि स्वखर्चाने तेथे विहीर खणवून दिली. ती 1864 मध्ये खुली झाली. केवळ हातांनी खणलेली ही विहीर 368 फूट खोल आहे. वर घुमटाची छत्री आणि तीखाली सोनेरी हत्ती, असे तिचे रूप. महाराजांनी नुसती विहीर दिली नाही, तिच्या देखभालीसाठी शेजारी चेरीची बागही लावून दिली, जेणेकरून फळांच्या विक्रीतून खर्च निघावा आणि पाणी फुकट मिळावे. नळ आल्यावर विहिरीची गरज संपली, पण तिचा न्यास आजही आहे. गरीब देशाने श्रीमंत देशाला दिलेली ही मदत आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही.

जुन्या निधींची स्थिती सर्वत्र अशी टिकाऊ नाही. शेताचे वार्षिक भाडे म्हणून काही शिलिंग कायमचे बांधून दिलेले असतील तर महागाईने त्यांची किंमत शून्यवत केली. उलट ज्यांच्याकडे जमीनच होती आणि ती घरांसाठी विकली गेली, ते निधी संपन्न झाले. शेजारशेजारच्या दोन गावांत केवळ या योगायोगाने जमीन-अस्मानाचा फरक पडलेला असतो. निराधार वृद्धांसाठी बांधलेली 'आम्सहाउस' ही घरे या परंपरेतील सर्वांत दृश्य वारसा आहेत. ब्रिटनमध्ये अशा दीड हजारांहून अधिक संस्था असून त्यांच्या घरांत सुमारे 36 हजार लोक राहतात.

नव्या काळातील दानधर्माचे रूप वेगळे आहे. 2008 पासून टेलिफोन कंपनीने वापरात नसलेले लाल फोनबूथ अवघ्या एका पौंडाला गावांना देण्यास सुरुवात केली. हजारो बूथ गावांनी घेतले. त्यांपैकी काहींत पुस्तकांचे कपाट आले, अनेकांत हृदय बंद पडलेल्या रुग्णासाठीचे विजेचे यंत्र. रुग्णवाहिका पोहोचायला वेळ लागणाऱ्या खेड्यात हे यंत्र म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. ते विकत घ्यायला देणगी मिळते, परंतु त्याची बॅटरी दर काही वर्षांनी बदलण्याचा आणि ते चालू आहे ना हे पाहण्याचा भार कौन्सिलच्या वहीत येतो. शेवटचे दुकान बंद पडल्यावर गावकऱ्यांनी भागभांडवल जमवून चालवलेली दुकाने ब्रिटनमध्ये चारशेच्या आसपास आहेत. काउंटरवर बहुधा निवृत्त स्वयंसेवक बसतात. दवाखान्यात जाण्यासाठी बस नाही, म्हणून मोटार असलेले शेजारी आळीपाळीने वृद्धांना नेतात.

आता या साऱ्या व्यवस्थेवर वरून दाब येत आहे. वरच्या कौन्सिलांचा मोठा पैसा वृद्ध व अपंगांच्या देखभालीवर आणि मुलांच्या संरक्षणावर जातो आणि ती कामे कायद्याने टाळता येत नाहीत. मग काटछाट होते ती सार्वजनिक शौचालये, बागा, वाचनालये, पथदिवे यांवर. सॉमरसेटमध्ये एप्रिल 2023 मध्ये परगण्याची व चार जिल्ह्यांची कौन्सिल मोडून एकच कौन्सिल करण्यात आली आणि नोव्हेंबर 2023 मध्ये तिने आर्थिक आणीबाणी जाहीर केली. त्यानंतर तिने लहान सेवा पॅरिश व टाउन कौन्सिलांनी घ्याव्यात, अन्यथा त्या बंद पडतील, असा पवित्रा घेतला. परिणामी अनेक ठिकाणी प्रिसेप्ट झपाट्याने वाढला. वरच्या कौन्सिलांनी ठरावीक टक्क्यांपेक्षा अधिक करवाढ केल्यास सार्वमत घ्यावे लागते, ही अट पॅरिशांना आजवर लावण्यात आलेली नाही. त्यामुळे वरचा खर्च खाली ढकलण्याची वाट मोकळी राहते. करदात्याचे बिल एकच असते, फक्त त्यातील ओळ बदलते.

डिसेंबर 2024 मध्ये ब्रिटिश सरकारने प्रसिद्ध केलेल्या श्वेतपत्रिकेत दोन स्तरांची रचना उरलेल्या सर्व ठिकाणी जिल्हा कौन्सिल मोडून साधारण पाच लाख वा अधिक लोकसंख्येच्या एकस्तरीय कौन्सिल करण्याचे धोरण मांडण्यात आले. नॉर्थ यॉर्कशायरसारख्या ठिकाणी हा बदल 2023 मध्येच झाला आहे. एवढ्या मोठ्या कौन्सिलचा सदस्य मैलोन् मैल दूर राहणार. रस्त्यातला खड्डा कोणाला सांगायचा, या प्रश्नाचे उत्तर खेड्यापुरते पॅरिशचा क्लार्क हेच राहील. चर्चच्या इमारतीच्या दुरुस्तीला पॅरिशने पैसे द्यावेत की नाही, हा 1894 च्या कायद्यातील संदिग्ध शब्दांमुळे रेंगाळलेला वाद 2023 च्या कायद्याने मिटवला आणि देण्यास हरकत नाही असे स्पष्ट केले. एकीकडे ही मोकळीक, तर दुसरीकडे आणखी एक मागणारा दारात उभा, असा त्याचा दुहेरी अर्थ आहे.

पैशापेक्षा माणसांची टंचाई अधिक जाणवते. पॅरिशच्या निवडणुका दर चार वर्षांनी होतात, परंतु कित्येक गावांत जागांइतके उमेदवारही उभे राहत नाहीत आणि मतदान न होताच सदस्य निवडून येतात. मध्येच जागा रिकामी झाली तर सूचना फलकावर लावली जाते. चौदा कामकाजी दिवसांत दहा मतदारांनी मागणी केल्यास पोटनिवडणूक होते. अशी मागणी न आल्यास उरलेले सदस्य ओळखीतल्या एखाद्या इच्छुकाला सोबत घेतात आणि पुढच्या बैठकीत त्याच्या हाती गवत कापण्याच्या ठेक्याची फाइल येते.